कागदावरचा मित्र

त्या माणसाचा मला अजून राग आहे. चार वर्षं झाली. लोक म्हणतात, सोडून दे आता. असं म्हणणाऱ्या प्रत्येकाचा उजवा हात कोपरात नीट वळतो, हे मी पाहिलेलं आहे.

मी त्याच्या बंगल्यावर ड्रायव्हर होतो. त्याआधी थळला एका ठेकेदाराच्या बसवर होतो. कारखान्यातल्या पाळ्यांचे कामगार घरून उचलायचे, गेटवर सोडायचे, सुटलेले परत आणायचे. ठेका दुसऱ्याकडे गेला, त्या दुसऱ्याने आपली माणसं आणली आणि मी घरी बसलो. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे चूल पेटत होती. पण चाळिशीतला पुरुष दुपारी बारा वाजता ओटीवर बसलेला आपल्याकडे कोणाला बघवत नाही. मलाही बघवत नव्हता. तेव्हा बायकोचा धाकटा भाऊ आला. तो किहीमच्या पुढे, मांडव्याच्या रस्त्याला लागून असलेल्या एका मुंबईकराच्या बंगल्याची राखण करायचा. झाडांना पाणी, पंपाची देखभाल, पाहुणे आले की बाजार.

"दाजी, साहेबांना डायवर पायजे. पगार महिन्याचा हाय. शनवार-रयवार काम, बाकी गाडी पुसायची न् उभी ठेवायची."

मी गेलो. साहेब पन्नाशीचा, मुंबईत कसलासा सल्लागार. मराठीच. पहिल्या दिवशी त्याने माझं लायसन्स दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाला, "गाडी ऑटोमॅटिक आहे, डावा पाय चुकूनही वापरायचा नाही. आणि आत येताना चपला बाहेर." मी म्हणालो, "हो साहेब." तेव्हा मी त्याला अहो-जाहो करत होतो. इथे करणार नाही.

तीन वर्षं मी ती गाडी चालवली. या तीन वर्षांत त्या घराच्या आत मी गेलो तो गॅसचा सिलिंडर ठेवायला, आणि एकदा त्याच्या आईला खुर्चीसकट उचलून गाडीत बसवायला. माझा चहा मागच्या पडवीत येत असे. कप वेगळा होता, निळ्या काठाचा, खिडकीच्या कट्ट्यावर उपडा घातलेला. मेव्हण्याचाही तिथेच असायचा. का वेगळा, हे कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आमच्या घरात असल्या कपांबद्दल जुनी माणसं काय काय सांगून गेलेली आहेत, ते माहीत असूनही मी त्या कपातून चहा प्यायलो. पगार वेळेवर येत होता.

दुसरी एक गोष्ट मी आधीच लिहून टाकतो, कारण ती माझी चूक आहे. साहेब येत नसे त्या शनिवार-रविवारी बंगला भाड्याने जायचा. इंटरनेटवर त्याचे फोटो होते: हिरवळ, झोपाळा, आणि शेवटी आमची गाडी. राहणं, दोन वेळचं जेवण आणि जेट्टीवरून ने-आण, सगळं भाड्यात धरलेलं. मी पांढरा शर्ट घालून मांडव्याला बोटीची वाट बघत उभा राहायचो. पांढऱ्या नंबरप्लेटच्या खाजगी गाडीत भाड्याची माणसं बसवायची नसतात, हे गाडी चालवणाऱ्या कोणालाही कळतं. मला कळत होतं. मी बोललो नाही.

तो रविवार होता, सकाळचे दहा वाजून गेलेले. चार पाहुणे होते, नवरा-बायको आणि त्यांच्या दोन मोठ्या मुली. त्यांना अकराची बोट गाठायची होती. सासवण्याच्या अलीकडे रस्त्याच्या डाव्या कडेला पाण्याच्या पाइपासाठी चर खणलेला आणि नुसता मातीने बुजवलेला होता. समोरून एका वळणावर टेम्पोवाला रिक्षाला ओव्हरटेक करत माझ्या अंगावर आला. मी गाडी डावीकडे घेतली. डावी चाकं मातीत रुतली, गाडी खेचली गेली आणि मोरीच्या कठड्यावर आदळली. एअरबॅगचा फुगा माझ्या तोंडावर फुटला. उजवा हात दार आणि स्टिअरिंग यांच्या मध्ये कुठेतरी होता. दुखलं नाही. फक्त बोटं हलेनात.

टेम्पोवाला थांबला नाही. पाहुण्यांना खरचटलं होतं, एका मुलीच्या कपाळाला टेंगूळ. त्या बाईने मला विचारलं, "भय्या, बोट मिलेगी क्या?" मी म्हणालो, "मिलेगी." त्यांनी मागून आलेली रिक्षा थांबवली आणि ते गेले. त्यांची एक बॅग डिकीत राहिली. संध्याकाळी मेव्हण्याच्या फोनवर त्या बॅगेबद्दल विचारणा आली.

गावातल्या दोघांनी मला काढलं आणि अलिबागला नेलं. कोपराचा चुरा झाला होता, खाली दोन्ही हाडं मोडली होती. डॉक्टरांनी आत स्टीलच्या पट्ट्या घातल्या, स्क्रू घातले. बायको त्या दिवसापासून तीन दिवस माझ्याजवळ होती. चौथ्या दिवशी शाळेत तपासणी होती म्हणून ती सकाळी गेली, आणि नेमका त्याच दिवशी मेव्हणा आला. हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद.

"दाजी, साहेबांनी पाठवलंय. विम्याचा कागद हाय. सही लागतेय."

"कसली सही?"

"गाडी तुम्ही चालवत होतात एवढंच लिवलंय. न्हाय दिली तर गाडीचं काम अडतंय."

कागद इंग्रजीत होता. मला इंग्रजी वाचता येतं, सावकाश. पण त्या दिवशी इंजेक्शनच्या गुंगीत अक्षरं पाण्यात पडल्यासारखी दिसत होती. आणि उजवा हात तर बँडेजमध्ये. मेव्हण्याने खिशातून शाईचा छोटा पॅड काढला. म्हणजे तो तयारीनेच आला होता. त्याने माझा डावा अंगठा धरला, पॅडवर टेकवला आणि कागदावर दाबला. मग ओल्या कापसाने पुसूनही दिला.

माझी आई प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जाऊन सही शिकली होती. रेशनच्या दुकानात अंगठा द्यायची पाळी येऊ नये म्हणून पाटीवर तिने ती कितीदा गिरवली असेल. मी बारावी झालेला माणूस, आणि काय लिहिलंय ते न वाचता अंगठा देऊन बसलो.

साहेब हॉस्पिटलमध्ये आला नाही. एकदा फोन आला. "आराम कर," म्हणाला, "गाडीचं मी बघतो."

घरी आल्यावर दहा-बारा दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज एकदम गोड.

"अरे, उद्या तुझ्याकडे एक माणूस येईल. विमा कंपनीने चौकशीला नेमलाय. फॉर्मॅलिटी असते. सांगायचं, आपण मित्र आहोत. तुला तुझ्या पाहुण्यांना मांडव्याला सोडायचं होतं, म्हणून तू माझी गाडी मागून नेलीस."

"माझे पाहुणे?"

"अरे, कोणाचे तरी म्हणायचे ना. भाड्याचे म्हटलं तर ते क्लेम उडवतील. कागदावर तसंच दिलंय आपण. तुझा अंगठा आहे त्यावर."

फोन ठेवल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने विचारलं, "मग तुम्ही काय सांगणार?"

"तो म्हणतो तसं. नोकरी आहे."

"कुठल्या हाताने करणार ती नोकरी?"

खरं सांगायचं तर मी खोटं बोलायला तयार होतो. साहेब आपल्याला टाकणार नाही, बरं होईपर्यंत पगार देईल, मग हलकं काही काम देईल, असं मला वाटत होतं.

चौकशीचा माणूस दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून आला. घामेजलेला, वैतागलेला, पत्ता सापडला नाही म्हणून आधीच चिडलेला. पाणी दिलं ते एका दमात प्यायला आणि फोल्डर उघडून म्हणाला, "चला, पटकन आटपू. ही गाडी मालकाने तुम्हाला मैत्रीखातर वापरायला दिली होती. बरोबर?"

मी हो म्हणणार, एवढ्यात बायकोने मध्येच विचारलं, "साहेब, गाडीला विमा आहे ना? मग यांच्या हाताचं काय?"

त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. "ताई, गाडीचा विमा गाडीचा. अपघाताचं जे कव्हर आहे ते मालकाच्या नावावर, मालक चालवत असेल तेव्हाचं. हे मालक आहेत का?"

"नाहीत."

"मग झालं. दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा कायद्याने मालकाच्याच जागी बसलेला धरतात. समोरच्याला लागलं तर कंपनी देईल. स्वतःला लागलं तर मागणार कोणाकडे? गाडी दुरुस्त होईल, यांचा हात पॉलिसीत येत नाही."

"आणि मित्र नसतील तर?"

"म्हणजे?"

"पगारी ड्रायव्हर असतील तर?"

त्याने पेन खाली ठेवलं. मग पहिल्यांदा त्याने आम्हा दोघांकडे नीट बघितलं. "पगारी ड्रायव्हर असेल तर वेगळं. तो कामावर होता. त्याची जबाबदारी मालकावर येते, कामगार भरपाईच्या कायद्याने." आणि मला म्हणाला, "तुम्ही पगारी आहात का?"

बायकोने फोल्डर स्वतःकडे ओढलं आणि माझ्या अंगठ्याचा कागद बाहेर काढला. ती तो बोट ठेवून वाचत गेली आणि एका ओळीवर थांबली. "फ्रेंड," ती म्हणाली. "इथे तुम्हाला फ्रेंड लिहिलंय. 'मालकाचे जवळचे मित्र, वैयक्तिक कामासाठी'." तिने कागद माझ्यासमोर धरला.

तो शब्द मी स्वतः वाचला. निळ्या काठाचा कप माझ्या डोळ्यांसमोर आला. आणि मग माझ्या लक्षात आलं की हा शब्द त्याने नुसता गाडीचे पैसे मिळवायला वापरला नव्हता. नोकर म्हटलं तर माझ्या हाताचं देणं त्याच्या गळ्यात पडत होतं. मित्र म्हटलं की गाडीही वाचते आणि तोही सुटतो. चपला बाहेर काढायला लावून तीन वर्षं पडवीत बसवलेल्या माणसाला त्याने एका कागदावर जवळचा मित्र करून टाकलं होतं.

"तीन वर्षं पगारी आहे," मी म्हणालो. "पाहुणे भाड्याचे होते. लिहून घ्या."

चौकशीवाल्याचा चेहरा खुलला. त्याला माझं काही पडलं नव्हतं; क्लेम नाकारायला कारण मिळालं म्हणून तो खूश होता. त्याने भराभर लिहिलं, फोनवरचे मेसेज मागितले, त्यांचे फोटो काढले. निघताना म्हणाला, "मालकाविरुद्ध जाताय, विचार केलाय ना?" मी म्हणालो, "तुमचं काम झालं ना? मग निघा." त्या माणसानेच मला माझा हक्क सांगितला होता, तरी त्याला मी चहाही विचारला नाही.

पुढच्या आठवड्यात शनिवारी साहेब स्वतः आमच्या दारात आला. माझ्या घरी येण्याची त्याची ही पहिली वेळ. मेव्हणा त्याच्या मागे, मान खाली. मी ओटीवर बसलो होतो, हात गळ्यात अडकवलेला. उठलो नाही.

"काय सांगितलंस तू त्यांना?"

"होतं ते."

"अरे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? क्लेम रिजेक्ट केला त्यांनी! काम नव्हतं तेव्हा तुला कोणी ठेवलं? मी ठेवलं. आणि माझ्याच मुळावर आलास?"

"हॉस्पिटलात एकदा तरी आलात का?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"मित्र आजारी असला की लोक बघायला येतात."

तो लाल झाला. "जास्त शहाणपणा करू नकोस. अंगठा दिलाय तू त्या कागदावर. खोटं लिहून दिल्याची केस करीन."

आतून बायको आली. तिने शांतपणे सांगितलं, "करा. शुद्धीत नसलेल्या माणसाचा अंगठा कोणी घेतला, तेही तिथे निघेल." असं म्हणताना ती साहेबाकडे बघत नव्हती. भावाकडे बघत होती.

मेव्हणा पहिल्यांदा बोलला. "ताई, तू गप बस. तुला काय कळतंय? माझी नोकरी हाय ती."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय? यांचा हात आहे तो."

साहेब गेला. त्याच संध्याकाळी मेव्हण्याला बंगला सोडायला सांगितलं. त्याचं बिऱ्हाड तिथेच मागच्या खोलीत होतं. बायको-पोरांसकट तो टेम्पोत सामान भरून सासूबाईंकडे आला. तो माझ्यामुळे गेला असं तो म्हणतो. मी म्हणतो, त्याने खिशात शाईचा पॅड घातला तेव्हाच तो गेला. आम्ही दोघे हे एकमेकांना तोंडावर बोललो आहोत, सासूबाईंच्या देखत, आणि शेवटी त्याने माझ्यावर हात उगारला. एका हाताच्या माणसावर. सासूबाई मध्ये पडल्या. त्यानंतर बोलणं बंद.

गावातही काही सरळ राहिलं नाही. आमच्या गावात दर तिसऱ्या घरातलं कोणी ना कोणी बंगल्यांवर कामाला आहे, माळी, स्वयंपाकीण, वॉचमन. शेजारचा एक जण मला नाक्यावर म्हणाला, "तुझं झालं ते झालं. पण आता हे मुंबईवाले आपल्या लोकांना ठेवायला घाबरतील, त्याचं काय?" दुसऱ्या बंगल्याच्या मालकिणीने तिच्या माळ्याला विचारलं म्हणे, "तो ड्रायव्हर तुमच्यातलाच ना?" तुमच्यातला म्हणजे कुठला, ते तिने सांगितलं नाही आणि माळ्यानेही विचारलं नाही. ज्यांच्याबरोबर मी लहानपणी पोहायला जायचो ती माणसं मला बघून फोन कानाला लावू लागली.

मी कामगार भरपाईचा दावा लावला. वकील बायकोच्या शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीचा. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "नेमणुकीचं पत्र आहे?" नव्हतं. "पगाराची पावती?" नव्हती. पैसे दर महिन्याला फोनवर यायचे, तेवढी नोंद होती. आणि मेसेज होते. तीन वर्षांचे मेसेज मी पुसले नव्हते, हे माझं नशीब. पुसायचे असतात हे मला माहीतच नव्हतं.

दीड वर्ष तारखा पडल्या. साहेब दोनदा आला, बाकी वेळा त्याचा वकील. सुनावणीच्या दिवशी त्याने शपथेवर सांगितलं की हा माझा मित्र आहे, अधूनमधून मी त्याला आर्थिक मदत करायचो. सरळ उभं राहून, माझ्यापासून चार हातांवर, माझ्याकडे बघत. मला वाटलं होतं, निदान खाली बघेल.

माझ्या वकिलाने एकामागून एक मेसेज वाचले. 'उद्या अकराची बोट, गेस्ट सहा.' 'शर्ट इस्त्री केलेला घाल, मागच्या वेळी गेस्टनी तक्रार केली.' 'दोन दिवस आला नाहीस, पगारातून कापतोय.' हा शेवटचा मेसेज मी विसरलो होतो. माझ्या मावशीच्या मातीला गेलो होतो तेव्हाचा.

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "मित्राला केलेल्या मदतीतून तुम्ही खाडे कापता?"

साहेबाने आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकील कागद चाळत होता.

निकाल माझ्या बाजूने लागला. मालकाने भरपाई द्यावी, असा हुकूम झाला. त्याने अपिलात जायची धमकी दिली, पण गेला नाही. पैसे आले. ते हाताच्या बरोबरीचे होते असं कोणी म्हणू नये. कोपर अर्ध्यावर अडकतं, पावसाळ्यात स्क्रूच्या जागा ठणकतात, आणि गाडी चालवायला घेतली की वीस मिनिटांत बोटं बधिर होतात. मी आता अलिबागला बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतो. डाव्या हाताने. कोर्टातून बाहेर पडताना मला आनंद होईल असं वाटलं होतं. पायऱ्यांवर साहेब फोनवर कोणाला तरी सांगत होता, "या लोकांना काही करायला जाऊच नये." मी ऐकावं म्हणून तो मोठ्याने बोलत होता. मी त्याच्या अगदी जवळ गेलो. वकिलाने माझा चांगला हात धरला, म्हणून पुढचं काही झालं नाही. धरला नसता तर बरं झालं असतं, असं मला अजूनही अधूनमधून वाटतं.

त्या बंगल्याचे फोटो अजून इंटरनेटवर आहेत. झोपाळा तोच, गाडी नवी. नंबरप्लेट पांढरीच.

मागच्या महिन्यात मी मांडव्याला गेलो होतो, मुंबईहून येणारी दुकानाची एक पेटी घ्यायला. बोटीला वेळ होता. जेट्टीबाहेर गाड्यांच्या रांगेत एका मोठ्या काळ्या गाडीत मेव्हणा बसलेला दिसला. पांढरा शर्ट, केस बसवलेले. म्हणजे त्याला दुसरीकडे काम मिळालं होतं, आणि आता तो ड्रायव्हर झाला होता. मी नंबरप्लेट पाहिली, पांढरीच. मग काचेजवळ जाऊन उभा राहिलो. त्या भांडणानंतर पहिल्यांदाच आम्ही समोरासमोर आलो होतो.

"गाडी कोणाची?" मी विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?"

"नेमणुकीचं पत्र घेतलंस का त्यांच्याकडून? पॉलिसीत पगारी ड्रायव्हरसाठी जादा पैसे भरलेत का ते बघितलंस?"

"माझे साहेब तसले न्हाईत."

"मीही असंच म्हणायचो."

"तुम्ही माझं घर घालवलंत," तो म्हणाला, आणि माझ्या तोंडावर काच वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की काच मळलेली होती, मला कळलं नाही. तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला आणि पाहुण्यांच्या नावांच्या पाट्या धरलेली माणसं पुढे सरकली.

घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं. ती वह्या तपासत होती. "बरा दिसत होता का?" तिने विचारलं.

"बरा होता. बारीक झालाय."

"पत्राचं विचारलंत का त्याला?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

मी सांगितलं. तिने लाल पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि पुढची वही ओढून घेतली.